'न्यूज' चार दिशांतून आली नाही: रोजच्या इंग्रजी शब्दांची मुळे कशी तपासावीत

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या ताईंनी विचारले आहे, की वर्गातील मुले मोबाइलवर वाचलेल्या शब्दांच्या गोष्टी रोज घेऊन येतात, त्यांचे काय करावे. 'न्यूज' हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ यांच्या आद्याक्षरांचा झाला. 'सॅलरी' म्हणजे रोमन सैनिकांना पगाराऐवजी मिळणारे मीठ. आणि 'नेम', 'डोअर', 'ब्रदर' हे शब्द इंग्रजीने संस्कृतातून उचलले, अशा या गोष्टी आहेत. यांतले खरे किती आणि ते वर्गात तपासायला कसे शिकवावे, असा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी त्यांनी सातवीतल्या एका विद्यार्थ्याची शंकाही जोडली आहे: 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते, तर 'मंगूस'चे 'मंगीस' का होत नाही?

ताई, इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात माझी तीस वर्षांहून अधिक वर्षे गेली आहेत आणि या शंका माझ्या टेबलावर वारंवार येतात. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

'न्यूज'पासून सुरुवात करू. 'न्यू' म्हणजे नवा. त्या विशेषणाचे नाम करून त्याला अनेकवचनाचा 'स' लावला, की 'नव्या गोष्टी' असा अर्थ होतो. फ्रेंचमध्ये 'नुव्हेल' आणि लॅटिनमध्ये 'नोव्हा' हे शब्द याच रीतीने झालेले आहेत आणि इंग्रजीने तोच साचा घेतला. जुन्या इंग्रजी मजकुरात या शब्दाच्या शेवटच्या 'स'आधी 'ई' हे एक जादा अक्षर लिहिलेले आढळते. चार दिशांच्या गोष्टीत त्या पाचव्या अक्षराला जागाच नाही. शिवाय हा शब्द पूर्वी अनेकवचनी चाले, 'या न्यूज आल्या' अशा धाटणीने; दिशांच्या आद्याक्षरांचा शब्द असता तर तो अनेकवचनी चालण्याचे काही कारण नव्हते. मुलांना हे पटवायला आपली मराठीच पुरेशी आहे. आपण भेटल्यावर 'काय नवीन?' असे विचारतो, तेव्हा नेमके हेच करतो: विशेषण उच्चारतो आणि बातमी मागतो. इंग्रजी 'न्यू' आणि संस्कृत 'नव' हे एकाच कुळातले आहेत, त्याबद्दल पुढे येईनच.

आद्याक्षरांच्या गोष्टींबाबत एक सावधगिरी नेहमी बाळगावी. आद्याक्षरे जोडून बोलीतला शब्द तयार करण्याची रीत विसाव्या शतकात रुळली. 'रडार' आणि 'लेझर' हे तसे खरे शब्द आहेत. त्याआधीच्या शब्दाला कोणी अशी गोष्ट चिकटवली, की प्रथम संशय घ्यावा. 'पॉश' या शब्दाचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे, कारण त्याची गोष्ट मुंबईच्या वाटेवर घडते. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना जहाजाची डावी बाजू सावलीची आणि परत जाताना उजवी, म्हणून पी अँड ओ या जहाज कंपनीचे धनिक प्रवासी येताना डावीकडच्या आणि परत जाताना उजवीकडच्या खोल्या घेत, आणि त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे छापलेली असत, असे सांगतात. गोष्ट इतकी चित्रमय आहे, की ती खरी असावी असे वाटत राहते. परंतु ती चार अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर कोणाला मिळालेले नाही. शब्दाचे मूळ अनिश्चित आहे. एकोणिसाव्या शतकातील चोरट्या बोलीत 'पॉश' म्हणजे पैसा असा एक शब्द होता, त्याच्याशी नाते असू शकेल, यापलीकडे कोश जात नाहीत, आणि न जाणे हेच योग्य आहे.

उलट 'ओके' पाहा. हा शब्द आद्याक्षरांचा आहे असे कोणी म्हटले तर वरच्या नियमाने आपण नाकारू, परंतु इथे पुरावा आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेतील बॉस्टन शहरात मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे लिहिण्याची एक गमतीची लाट आली होती. 'ऑल करेक्ट' हे शब्द चुकीच्या अक्षरांनी लिहून त्यांचे 'ओके' झाले, आणि २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रात ते छापलेले सापडते. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या समर्थकांनी 'ओल्ड किंडरहूक' या त्यांच्या टोपणनावासाठी तीच अक्षरे वापरली आणि शब्द देशभर पसरला. त्या लाटेतील बाकीचे बहुतेक शब्द विरून गेले. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुनी वृत्तपत्रे चाळून हे सर्व दाखवून दिले. 'पॉश'च्या गोष्टीत तिकीट नाही आणि 'ओके'च्या गोष्टीत तारखेसह वृत्तपत्र आहे. मुलांना हा फरक एकदा दाखवला, की पुढचे ती स्वतः विचारू लागतात.

आता 'सॅलरी'. याबाबत मला एक कबुली द्यावी लागेल. एका शालेय कोशाच्या मजकुरात मिठाची गोष्ट मी स्वतः लिहिली होती आणि छपाईपूर्वी शेवटचे वाचन करताना मूळ लॅटिन उतारा समोर आल्यावर ती काढून टाकली. 'सॅलरी'चा पूर्वज 'सॅलॅरियम' हा लॅटिन शब्द 'साल' म्हणजे मीठ यापासून झाला, एवढे खरे आहे. इ.स. ७९ मध्ये मरण पावलेला रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात मिठाचे महत्त्व सांगताना, सैन्याशी आणि मानाच्या पदांशी मिठाचा संबंध असून त्यावरून हे नाव पडले, असे एका वाक्यात म्हणतो. सैनिकांना पगार म्हणून मीठ मोजून दिले जाई, असे त्याने कोठेही लिहिलेले नाही. रोमन सैनिकाला वेतन नाण्यांत मिळे आणि त्याला 'स्टायपेंडियम' म्हणत. त्यावरूनच आजचे 'स्टायपेंड' आले. मीठ आणि मोबदला यांच्यात काही दुवा होता, तो नेमका कसा होता हे लिहिलेले नाही, आणि सैनिकाच्या ओंजळीत पडणारे मीठ ही नंतरच्यांनी घातलेली भर आहे. ही गोष्ट आपल्याला चटकन पटते याचे कारण आपल्या भाषेत आहे: खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्या रक्तातला वाक्प्रचार आहे.

त्यापेक्षा मुलांना 'पगार' या शब्दाची हकीकत सांगावी, ती पूर्ण खरी आहे आणि आपल्या किनाऱ्यावरची आहे. 'पगार' मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे, आणि ते क्रियापद लॅटिन 'पाकारे' म्हणजे शांत करणे यावरून झाले. ज्याचे देणे आहे त्याला देऊन शांत करायचे, असा तो प्रवास आहे. त्याच लॅटिन क्रियापदावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'पे' आला. म्हणजे 'पेस्लिप' आणि 'पगारपत्रक' या कागदाच्या दोन्ही नावांत एकच लॅटिन धातू बसलेला आहे. एक गोव्या-कोकणाच्या बंदरातून आला, दुसरा लंडनहून.

माझ्या कामात सर्वांत अधिक आनंद देणारा शब्द विचाराल, तर मी 'चेक' सांगेन, आणि त्याच्यावर थोडा वेळ थांबतो. आपण बँकेत चेक भरतो, गाडीची हवा चेक करतो, चेक्सचा शर्ट घालतो, मुले चेस खेळतात आणि रस्त्यात चेकनाका लागतो. हे सारे एका फारसी शब्दाचे वंशज आहेत: 'शाह', म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर रोख धरला, की 'शाह' असे म्हणून प्रतिपक्षाला सावध करायचे. मराठीत तोच शब्द 'शह' होऊन आला आणि 'काटशह'सारखा आपला स्वतःचा शब्दही त्याने दिला. पश्चिमेकडे तो अरबीतून लॅटिनमध्ये आणि तेथून जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' या रूपाने पोचला. त्याच्या अनेकवचनाचे इंग्रजीत 'चेस' झाले, आणि एकवचनाचे 'चेक'. 'चेकमेट'मधला 'मेट' म्हणजे आपण 'मात केली' म्हणतो त्यातला 'मात'.

राजाला शह बसला, की त्याची वाट अडते, म्हणून 'चेक'चा अर्थ अडवणे, रोखणे असा झाला. अडवून पाहणे यातून तपासणे हा अर्थ निघाला. बुद्धिबळाच्या पटावर चौकटी असतात, म्हणून चौकटीचे कापड 'चेक्स'चे झाले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा जमाखर्च ज्या टेबलावर मांडत, त्याचे वर्णन रिचर्ड फिट्झनील या कोषाधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे: सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल, त्यावर रेघा आखलेले काळे कापड, आणि त्या रकान्यांत सरकवायच्या सोंगट्यांसारख्या चकत्या, ज्यांनी पौंड, शिलिंग आणि पेन्स मोजायचे. ते टेबल बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या खात्यालाच 'एक्स्चेकर' हे नाव पडले, आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते आजही आहे. बँकेचा चेक अठराव्या शतकातला. बनावट हुंडीला आळा घालण्यासाठी बँक स्थळप्रत स्वतःजवळ ठेवी, तिला 'चेक' म्हणत. पुढे ते नाव त्या कागदालाच मिळाले. ब्रिटनमध्ये 'एक्स्चेकर'च्या प्रभावाने त्याचे स्पेलिंग वेगळे झाले, अमेरिकेत मात्र ते तपासणीच्या 'चेक'सारखेच राहिले. कोणत्याही एका टप्प्यावर उडी मारलेली नाही, प्रत्येक पावलाला अर्थाचा आधार आहे आणि कागदाचाही. खरी व्युत्पत्ती अशी दिसते. ती बनावट गोष्टीपेक्षा लांबलचक असते, परंतु तिच्यात खरोखर जगलेली माणसे, त्यांची टेबले आणि त्यांचे हिशेब असतात.

आता संस्कृताचा प्रश्न. इथे मला थोडे काटेकोर व्हावे लागेल, कारण यात अर्धे खरे आहे आणि ते अर्धे फार मोलाचे आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात म्हटले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाने येण्यासारखे नाही. या भाषा एका समान मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरलेली नाही. इंग्रजी ज्या जर्मॅनिक शाखेतली आहे, तीही याच कुळातली. तेव्हा 'ब्रदर' आणि 'भ्रातृ' यांचे नाते बहीण-बहिणीचे आहे, आई-मुलीचे नव्हे. इंग्रजीने ते शब्द संस्कृतातून उचललेले नाहीत. दोघींना ते एकाच आजीकडून वारशाने मिळाले.

हे नाते ओळखण्याची खूण ध्वनींच्या नियमितपणात आहे. संस्कृतात जिथे 'प' तिथे इंग्रजीच्या अस्सल शब्दात 'फ' सापडतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पञ्च आणि फाइव्ह. जिथे 'द' तिथे 'ट': द्वि आणि टू, दश आणि टेन, दन्त आणि टूथ. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा नियम सविस्तर मांडला. मग 'डेंटिस्ट'मध्ये 'द'च्या जागी 'ड' कसा? कारण तो शब्द इंग्रजीला वारशाने मिळालेला नाही, फ्रेंच आणि लॅटिनकडून उसना आला आहे, आणि लॅटिनमध्ये तो फेरबदल झालाच नव्हता. दात एकच, परंतु 'टूथ' घरचा आणि 'डेंटिस्ट' पाहुणा. वर्गात फळ्यावर या तीन-चार जोड्या लिहून मुलांनाच नियम शोधायला सांगावा; सहावी-सातवीची मुलेही तो शोधतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

'बदनाम' हा शब्द मी या कामासाठी नेहमी वापरतो. इंग्रजीत 'बॅड नेम' म्हणतात आणि फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द 'बदनाम'. ऐकताच दोन्ही एकच वाटतात. यातील 'नाम' आणि 'नेम' खरोखर एका कुळातले आहेत. 'बद' आणि 'बॅड' यांचा मात्र काहीही संबंध नाही. फारसीच्या मधल्या अवस्थेत 'बद' हा शब्द 'वद' असा होता, म्हणजे मागे जावे तसतसा तो इंग्रजी शब्दापासून दूर जातो. खऱ्या नात्यातले शब्द मागे जाताना एकमेकांच्या जवळ येतात. एकाच शब्दाचा एक अर्धा भाग सख्खा आणि दुसरा केवळ तोंडवळ्याने सारखा, असे उदाहरण सहसा मिळत नाही.

'विंडो' इथेच सांगून टाकतो. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत वसलेल्या डेन आणि नॉर्स लोकांच्या भाषेतून तो आला: 'विंदाउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. त्यातील 'विंद' हा आपल्या 'वात'चा आप्त आणि 'आउगा' हा 'अक्षि'चा. संस्कृतात खिडकीला 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट, आणि 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा, असे दोन शब्द आहेत. भिंतीतल्या भोकाकडे पाहून दोन दूरच्या लोकांना वारा आणि डोळाच आठवावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

शब्दाचे मूळ कळले म्हणजे त्याचा आजचा अर्थ ठरला, असे मात्र मुलांना वाटू देऊ नये. 'नाइस'चे मूळ लॅटिन 'नेस्कियस' म्हणजे अज्ञ, न जाणणारा. फ्रेंचमधून इंग्रजीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असा होता. पुढे तो नाजूक, मग चोखंदळ, मग काटेकोर आणि अठराव्या शतकात छान असा झाला. 'सिली' याच्या उलट्या वाटेने गेला: आरंभी धन्य, दैवी कृपा लाभलेला, मग निष्पाप, मग बिचारा, आणि शेवटी मूर्ख. आपल्याकडेही 'फार साधा आहे हो तो' या वाक्यात स्तुती किती आणि कीव किती, हे बोलणाऱ्याच्या सुरावरच ठरते. 'डिअर' म्हणजे हरीण, परंतु जुन्या इंग्रजीत तो कोणत्याही जनावराला लागे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये उंदरांबरोबर इतर लहान प्राण्यांनाही 'डिअर' म्हटले आहे. संस्कृत 'मृग'ची हकीकत हीच आहे. तो आधी कोणतेही वन्य जनावर होता, म्हणून तर सिंह 'मृगराज' आणि माकड 'शाखामृग'. आता मराठीत मृग म्हणजे हरीण किंवा पावसाचे नक्षत्र.

वर्गात तपासायचे कसे, हे विचारलेत. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' हा मोठा कोश यासाठी सर्वांत भरवशाचा आहे. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि अखेरचा १९२८ मध्ये निघाला, आणि हजारो वाचकांनी पुस्तके वाचून पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर तो उभा आहे. प्रत्येक अर्थाखाली तो शब्द कोणत्या वर्षी, कोणत्या वाक्यात आला, हे क्रमाने दिलेले असते. शाळेत तो नसेल, तरी मध्यम आकाराच्या कोणत्याही चांगल्या इंग्रजी कोशात नोंदीच्या आरंभी किंवा शेवटी मूळ दिलेले असते, त्यावर बोट ठेवून वाचायची सवय लावावी. मुलाने गोष्ट आणली, की तिच्यातल्या काळाच्या आधी हा शब्द कोठे लिहिलेला आहे का, हे पाहावे. मग जुने रूप पाहावे, आणि मधला एखादा अर्थ निसटला आहे का तेही पाहावे. 'मूळ अज्ञात' अशी नोंद दिसली, तर तीही तितक्याच आदराने वाचून दाखवावी, कारण ती लिहिण्यापूर्वी कोणीतरी पुष्कळ शोध घेतलेला असतो.

राहिली त्या विद्यार्थ्याची शंका, आणि ती या सर्वांत सुंदर आहे. 'गूस', 'फूट' आणि 'टूथ' हे इंग्रजीचे फार जुने शब्द आहेत. एके काळी त्यांच्या अनेकवचनाच्या शेवटी 'इ'सारखा स्वर होता. त्याने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढले आणि पुढे तो शेवटचा स्वर गळून गेला. म्हणून 'गीस', 'फीट' आणि 'टीथ'. ही ओढाताण इंग्रजीच्या अगदी आरंभीच्या काळात होऊन संपली. 'मंगूस' त्यानंतर हजार वर्षांनी आला, आणि तो आला मराठीतून: तो आपला मुंगूस आहे. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७० च्या दशकात मुंबई-सुरतेकडे राहिला होता, आणि १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी या नावाने येतो. इंग्रजी कानाला शेवटचा भाग ओळखीचा वाटला, म्हणून त्याचे स्पेलिंग हंसपक्ष्याच्या 'गूस'सारखे झाले. नाते काहीच नाही. उलट खुद्द 'गूस' हा संस्कृत 'हंस'चा दूरचा भाऊ आहे. तेव्हा त्या विद्यार्थ्याला सांगावे, की 'गूस' हा त्याच्या भाषेचा आप्त आहे, 'मंगूस' तर थेट त्याच्या भाषेतूनच गेला आहे, आणि उशिरा आलेल्या शब्दाला इंग्रजी सरळ आपला नेहमीचा प्रत्यय लावते, म्हणून त्याचे अनेकवचन 'मंगूसेस'.